मनस्वीचे हात

माझ्या धाकट्या जावेला हाताचा इसब झाला आणि मला तिचा हेवा वाटायला लागला. हसायचं तर हसा खुशाल. लोकांना दुसऱ्याच्या सोन्याचा हेवा वाटतो, घराचा वाटतो, मला मनस्वीच्या खाजेचा वाटला. कारण त्या खाजेपायी ती घरात राणी झाली आणि मी होते तीच राहिले, भांडी घासणारी प्रमिला.

आमचं गाव मुरबाड आणि शहापूरच्या मधे, किन्हवलीच्या रस्त्याला आत. भात झोडून झालं की आमी सगळे भेंडी लावतो. भेंडी दिसायला नाजूक, पण तिच्या अंगाला बारीक लव असते. ती हातात शिरली की दिवसभर खाजवत बसा. म्हणून तोड्याला, म्हणजे भेंडी तोडायला, जाताना बाया हातात जुने मोजे चढवतात, पोरांच्या शाळेचे, बोटांसाठी पुढून कापलेले. मीपण तेच घालते. पंधरा वर्षं झाली, तेच घालते.

मनस्वी लग्न होऊन आली त्याला चार वर्षं झाली. माहेर आटगावचं, अगदी स्टेशनाजवळचं. शेतात कधी हात घातलेला नाय. पहिल्या हंगामात तिच्या हाताला खाज आली, सगळ्यांना येते तशीच. पण माझा दीर रितेश म्हणजे काय सांगावं! आसनगावला कंपनीत जातो, घरी आला की चपला काढायच्या आधी बायकोचे हात बघतो. दुसऱ्याच दिवशी शहापूरच्या बाजारातून रबरी हातमोजे घेऊन आला. गुलाबी रंगाचे. मनस्वी ते घालून तोड्याला आली तेव्हा सगळ्या बाया बघत राहिल्या. मी नाय बघितलं. मी मुद्दाम तिच्याकडे पाठ करून भेंडी तोडत राहिले.

"ताई, तुमी घालून बघा ना एकदा," ती म्हणाली.

"मला नाय गो सवय असल्या थेरांची," मी म्हटलं.

त्यानंतर तिचे हात सुधारायच्या ऐवजी बिघडतच गेले. बोटांच्या बेचक्यात बारीक पाण्याचे फोड आले. मग कातडी जाड झाली, सोलायला लागली, भेगा पडल्या आणि भेगांतून रक्त यायला लागलं. पावसाळ्यात जरा बरं वाटायचं, भेंडीचा हंगाम आला की पुन्हा तेच. आमची सासू येसूबाई म्हणाली, "गजकर्ण हाय, चिकटेल सगळ्यांना." मनस्वीची ताट-वाटी वेगळी केली. लिंबाच्या पाल्याने हात धुऊन झाले. मेडिकलवाल्याने एक ट्यूब दिली, तिने चार दिवसांत हात एकदम साफ. ट्यूब बंद केली, की दुप्पट जोराने आलं. शेवटी रितेश तिला मोटरसायकलवर बसवून मुरबाडला चामडीच्या डॉक्टरांकडे घेऊन गेला.

डॉक्टर मॅडमनी सांगितलं, हे गजकर्ण नाही, इसब आहे. हात लावल्याने कुणाला चिकटत नाही. ती मेडिकलची ट्यूब आधी फेकून द्या, त्यात जोरदार औषध असतं, ते विचारल्याशिवाय लावायचं नसतं. मग मॅडमनी एक कागद लिहून दिला आणि रितेशने तो ओट्यावर बसून मला वाचून दाखवला, जसं काय मी तिची नर्सच. पाण्यात सारखा हात घालायचा नाय. साबणाला शिवायचं नाय. लसूण, कांदा, मिरची चिरायची नाय. हात धुतले की ओलसर असतानाच पेट्रोलियम जेली चोपडायची. मलम दिवसातून दोनदा, पंधरा दिवस, मग एक दिवसाआड. बरं वाटलं म्हणून आपल्या मनाने बंद करायचं नाय. तोड्याला गेलंच पायजे तर आत सुती मोजा आणि वर ग्लोज.

मग राहिलं कोण? मी राहिले. तिची भांडी माझ्याकडे आली, तिचे कपडे माझ्याकडे आले, चटणी वाटायची तर मीच. आणि जेवणं झाली की समोरच्या खोलीत रितेश तिचे दोन्ही हात मांडीवर घेऊन एकेका बोटाला मलम लावत बसायचा. दार उघडंच असायचं. मी भांडी घासता घासता बघायची. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

एकदा मी माझ्या नवऱ्याला, हरेशला, माझे हात दाखवले. राखेने आणि साबणाने माझीपण बोटं उलली होती. तो मोबाइलवर कायतरी बघत होता. "खोबरेल लाव," म्हणाला. मान वर केली नाय. मी तिथेच उभी राहिले थोडा वेळ, वाटलं आता बघेल, मग बघेल. नाय बघितलं. वाईट माणूस नाय तो, मारत नाय, पीत नाय. पण पंधरा वर्षांत त्याने माझा हात हातात घेऊन बघितला असेल तर तो लग्नात, तेपण भटजीने सांगितलं म्हणून.

आता एक गोष्ट सांगते, ती सांगायला मला लाज वाटते. मनस्वीला मूल नव्हतं. माझी दोन पोरं तिच्या मांडीवर लोळायची, आणि तिला तेवढंच सुख होतं. मी पोरांना सांगितलं, "काकीला हात लावू नका, चिकटेल." डॉक्टरनी चिकटत नाय म्हणून सांगितल्यावरसुद्धा मी हेच सांगत राहिले. धाकटी पोर तिच्याकडे धावत जायची आणि मधेच थांबायची. मनस्वी हात मागे घ्यायची. मला तेव्हा बरं वाटायचं. काय करू, वाटायचं.

ह्या वर्षी माघात, तोडा जोरात चालू असताना, मी तिचे गुलाबी ग्लोज चोरले. मोरीच्या दोरीवर वाळत होते, कोण नव्हतं, पदराखाली घेतले आणि माझ्या पत्र्याच्या ट्रंकेत तळाशी नेऊन ठेवले. मला वाटलं, आता घरात भांडण होईल. ती शोधेल, रडेल, रितेश ओरडेल, सासू माझ्यावर संशय घेईल आणि मग मीपण तोंड उघडीन, चार वर्षांचं सगळं बाहेर काढीन. मी तयारच होते.

पण कायच झालं नाय. मनस्वीने दोरीकडे बघितलं, इकडे तिकडे बघितलं आणि दुसऱ्या दिवशी माझ्यासारखे पोरांचे जुने मोजे घालून तोड्याला आली. कुणाला एक शब्द बोलली नाय. ह्याचापण मला राग आला. ज्याच्यासाठी मी चोरी केली ते भांडणसुद्धा तिने मला दिलं नाय.

एका दुपारी मी ते ग्लोज घेऊन ओढ्यावर गेले. भांडी बरोबर घेतली होती, पण घासली नाय. दगडावर बसले, ग्लोजमधे हात घातले आणि नवी नवरी मेंदी बघते तशी बघत बसले. आतून गार, मऊ. पण ते कोणी माझ्यासाठी आणलेले नव्हते, त्यामुळे पाच मिनिटांत मला रडायलाच आलं. काढले आणि परत ट्रंकेत टाकले.

आणि मग मनस्वीचे हात बरे झाले! महिन्याभरात भेगा भरल्या, फोड गेले, नवी कातडी आली. मॅडमना दाखवून आल्यावर रितेश पेढे घेऊन आला. ओट्यावर बसून सगळ्यांना सांगत होता, "मॅडम खूष झाल्या. म्हणाल्या, औषध नीट लावलंय. विचारलं, ग्लोज घालतेस ना? ही म्हणाली, रोज घालते."

मी पेढा चघळायची थांबले. रोज घालते? ग्लोज तर माझ्या ट्रंकेत. मग ही खोटं का बोलली? मी विचार केला, घाबरली असेल. मोठ्या जावेचं नाव घेऊन घरात तमाशा नको म्हणून गप्प बसली असेल. घाबरते मला, ह्याचं मला सुख वाटलं. मी अजून एक पेढा खाल्ला.

पुढच्या रविवारी रितेश शेतावर आला आणि त्याने तिच्या हातात शाळेचे मोजे बघितले. "ग्लोज कुठे गेले?" तर ही म्हणते, "फाटले." झालं. संध्याकाळी रितेश नवीन जोड घेऊन हजर. ह्या वेळेला निळे, चांगले कोपरापर्यंतचे, जाडजूड. मी ते बघितले आणि रात्री जेवले नाय. पोटात दुखतंय म्हणून सांगितलं, आणि ते काय खोटं नव्हतं.

पंधरा दिवसांत मनस्वीचे हात परत फुटले. आणि ह्या वेळेला नुसते पंजे नाय, कोपरापर्यंत लाल, सुजलेले, पाणी गळणारे. बिचारी दोन्ही हात पुढे धरून बसायची. मलम लावायला रितेशने बोट टेकलं तरी कळवळायची. खरं सांगायचं तर मलापण बघवत नव्हतं. पण "बरं झालं" असंपण मनात येत होतं, दोन्ही एकदम.

मॅडमनी रितेशला फोनवर सांगितलं, घरात जी बाई हिच्याबरोबर काम करते तिला घेऊन या, मला तिच्याशी बोलायचंय. म्हणजे मलाच. आमी तिघं एसटीने मुरबाडला गेलो. मी रस्ताभर तोंड फिरवून बसले होते.

मॅडम तरुणच होत्या, चष्मेवाल्या. मनस्वीचे हात त्यांनी उजेडात धरले, उलटे केले, बोटं एकेक बघितली. मग मला विचारायला लागल्या. ही सकाळी काय करते, कुठली पावडर वापरता, शेतात फवारणी कधी करता, गवत कुठलं आहे, बांगड्या कसल्या. मी सांगत गेले. त्या माझ्या तोंडाकडे बघून लिहीत होत्या. मी माझे उललेले हात टेबलावर ठेवले होते, मुद्दाम, दिसतील असे. त्यांनी बघितले नाय. त्यांचं काय चुकलं म्हणा, पेशंट मी नव्हते.

मग त्या खुर्चीला टेकल्या. "या वेळी हात बघून मला आधी ग्लोजचाच संशय आला," त्या रितेशला म्हणाल्या. "रबरात काही रसायनं असतात, काहींच्या कातडीला ती सोसत नाहीत. अशा माणसाला ग्लोज घातल्यानेच इसब होतो. पण मागच्या महिन्यात ही रोज ग्लोज घालत होती आणि तरीही हात बरे झाले. म्हणजे ग्लोज नाहीत. कारण सापडत नाही आणि मलमाने तर आता आवरत नाही. मला वाटतं गोळ्या सुरू कराव्या लागतील."

"करा ना मॅडम," रितेश म्हणाला.

"जोरदार गोळ्या आहेत. मधेमधे रक्त तपासावं लागेल. आणि त्या चालू असताना मूल राहू द्यायचं नाही. बंद केल्यावरही काही महिने थांबावं लागतं. म्हणजे वर्ष-दीड वर्ष तो विचार बाजूला ठेवा."

 मनस्वीने मान खाली घातली आणि सुजलेले दोन्ही हात पोटावर धरले. रितेश तिच्याकडे बघत होता. चार वर्षं सासू तिला टोमणे मारत होती. आत्ताच कुठे ती मुलासाठी दिवस मोजायला लागली होती, मला ठाऊक होतं, एका घरात राहून बाईला बाईचं कळतं.

आणि मला सगळं कळलं. गुलाबी होते तेव्हा मनगटापर्यंत. मी चोरले, हात बरे. निळे आले ते कोपरापर्यंत, तर इसबपण कोपरापर्यंत. अडाणी बाईलासुद्धा कळेल असं सरळ होतं. पण ते कळायला एक गोष्ट माहीत असायला पायजे होती आणि ती फक्त मला माहीत होती.

मी तुमच्याशी खोटं बोलणार नाय. मी लगेच तोंड उघडलं नाय. मॅडमनी पेन उचललं, कागद पुढे ओढला, आणि मी गप्प. माझ्या मनात आलं, लिहू दे. दीड वर्षच तर. तिच्याकडे सगळं हाय, नवरा हाय असा, एवढं एक माझ्याकडेच राहू दे ना. पोरं माझी, ह्या घरात नातवंडं दिली ती मी, तेवढ्यावरच तर मला कोणतरी विचारतं. तिला मूल झालं की माझ्याकडे काय उरलं? भांडीच.

मॅडमनी पहिल्या गोळीचं नाव लिहिलं. मनस्वीने नाक ओढलं. रडत होती, पण आवाज येऊ देत नव्हती.

"ती ग्लोज घालत नव्हती," मी म्हटलं.

सगळे माझ्याकडे बघायला लागले.

"मागच्या महिन्यात. ती खोटं बोलली तुमाला. ग्लोज तिच्याकडे नव्हतेच. मी चोरले होते. माझ्या ट्रंकेत होते, अजून हायेत. ती जुने मोजे घालून तोड्याला यायची, कापडाचे. नवे ग्लोज आले आणि हे असं झालं." मी एका दमात बोलले.

रितेशचं तोंड उघडंच राहिलं. "वैनी? तुमी?"

"हो, मी. कानाने ऐकलंस ना?" मी त्याच्यावरच खेकसले. माणूस चुकला की आवाज चढतो, माझा तरी चढतो.

 मॅडमनी मनस्वीला विचारलं, "खरं आहे?" तिने मान हलवली. मग मॅडमनी लिहिलेल्या गोळीवर आडवी रेघ मारली. तो पेनाचा आवाज मला अजून ऐकू येतो. त्या म्हणाल्या, आजपासून रबर बंद, ग्लोज, रबरबँड, रबरी चप्पल, सगळं. सुती मोजे घालायचे, पाण्याचं काम असेल तर वरून प्लास्टिकचे, रबराचे नाही. सूज उतरायला थोडे दिवस जोराचं मलम, मग हळूहळू कमी. हात निवले की कल्याणला मोठ्या दवाखान्यात पाठीला पट्ट्या लावून तपासणी करतात, कुठली वस्तू सोसत नाही ते त्यात कळतं, ती करून घ्या म्हणजे खात्री होईल. दोन दिवस पाठ भिजवायची नाही, घाम येऊ द्यायचा नाही. दीड महिन्यात फरक दिसला तर गोळ्या लागणार नाहीत.

"मग..." मनस्वीने विचारलं आणि पुढचं बोललीच नाय.

"मग तुमचं तुम्ही ठरवा," मॅडम हसून म्हणाल्या.

बाहेर आल्यावर रितेश म्हणाला, "वैनी, तुमाला पायजे होते तर बोलायचं ना. दोन जोड आणले असते." अगदी साध्या मनाने बोलला. मी त्याला काय सांगणार? तुझ्या हातचे नको होते म्हणून? तो औषधं आणायला मेडिकलमधे शिरला आणि आमी दोघी एसटी स्टँडच्या बाकावर बसलो.

मी वाट बघत होते. आता बोलेल, आता शिव्या देईल. द्यायलाच पायजे. तिच्या जागी मी असते तर स्टँडवर झिंज्या उपटल्या असत्या.  शेवटी मीच म्हटलं, "बोल काय बोलायचं ते. अशी गप्प बसू नको. एवढं खोटं कशाला बोललीस डॉक्टरला? माझी भीती वाटली होय?"

"नाय ताई," ती म्हणाली. "मी बघितलं होतं तुमाला."

"कुठे?"

"ओढ्यावर. मी सरपणाला आले होते त्या बाजूला. तुमी ग्लोज घालून बसला होता. भांडी तशीच पडली होती आणि तुमी हातांकडे बघून रडत होता."  तिच्या आवाजात राग असता तर मी सांभाळलं असतं, पण राग नव्हता. "मग मी कुणाला सांगितलं नाय. म्हटलं, राहू देत. त्यांना कोण आणून देतंय. पहिल्या दिवसापासून बघते मी."

बस लागली. रितेशने खिडकीजवळ दोघींची जागा धरली होती. मनस्वी बसली आणि तिने माझ्यासाठी सरकून जागा केली. मी गेले नाय. मी पाठच्या सीटवर एका कोंबड्यावाल्या म्हाताऱ्याच्या शेजारी जाऊन बसले. त्याची टोपली अर्धी माझ्या मांडीवर होती, ती मी तशीच राहू दिली.

चार वर्षं मी तिचा हेवा केला. पोरांना तिच्यापासून तोडलं, तिच्या वस्तू चोरल्या, तिचं वाईट चिंतलं. आणि तेवढा सगळा वेळ ती माझ्याकडे बघत होती आणि तिला माझं वाईट वाटत होतं. म्हणजे माझ्या संसारात काय नाय ते तिला पहिल्यापासून ठाऊक होतं. पुढच्या सीटवर माझ्या जागी रितेश बसला होता, तिचं डोकं त्याच्या खांद्यावर टेकलेलं दिसत होतं आणि हात तिने वर, हवेत धरले होते, कुठे घासू नयेत म्हणून.

तिचे हात बरे होऊ देत. पोरपण होऊ दे, पुढच्या माघापर्यंत होऊ दे, मी स्वतः बाळंतीण सांभाळीन, हे मी मनापासून बोलते. पण माझी कीव तिने करायला नको होती.